विटांना हात लावू नये

कमलबाई खंदारे ज्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या रुजू झाल्या तेव्हा जिल्हा परभणी होता. नव्व्याण्णव साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला, दवाखान्याची पाटी नव्याने रंगवली गेली आणि विकास की काय म्हणतात तो तिथेच आटोपला.

हाडांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. हाडांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडहून यायचे. उरलेले पाच दिवस हाडं कमलबाईंच्या भरवशावर जुळायची. मांडीचं हाड मोडलेला माणूस आला की त्याच्या पायाला चिकटपट्ट्या लावायच्या, पट्ट्यांना दोरी बांधायची, दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडायची आणि तिला वजन टांगायचं. सरकारने त्यासाठी बिडाची छान काळीभोर वजनं पाठवली होती. ती चोरीला जातील म्हणून कुलपात होती, आणि कुलपात होती म्हणून कुणाच्या पायाला लागत नव्हती. शेवटी कमलबाईंनी भट्टीवरून विटा आणवल्या, किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक तोलली आणि प्रत्येकीवर रंगाने वजन लिहिलं. दोन विटा म्हणजे साधारण पाच किलो. सहा आठवडे, कधीकधी दहा, दिवसरात्र.

विटा कशाला, हे रोज कुणाला तरी सांगावं लागे. "हाड मोडलं की मांडीचं मांस घाबरतं," त्या सांगायच्या. "घाबरून आवळतं, अन् मोडक्या हाडाची टोकं एकमेकावर चढवतं. इटा त्या मांसाला दमवतात. मांस दमलं की हाड सरळ येतं. इटा काढल्या की मांस पुन्हा ओढतं, अन् पाय आखूड होतो. समजलं का?" ऐकणारा मान डोलवायचा आणि मान डोलवता डोलवताच विटांकडे कळवळून बघायचा.

हा कळवळा म्हणजे त्या वॉर्डातला सगळ्यात मोठा आजार. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. बिस्किटाचा पुडा न्यायचा, दोन मोसंबी न्यायची, आणि निघताना आजाऱ्यासाठी काहीतरी केल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. इंजेक्शन देता येत नाही, पाठ चोळायची लाज वाटते. पण विटा कुणालाही उचलता येतात. मग प्रत्येक पाहुणा 'अरारा, जिवंत माणसाला इटा टांगल्या' म्हणत त्या उचलून स्टुलावर ठेवायचा. दोनच मिनिटं. तेवढाच आराम. असे दिवसाला तीस पाहुणे.

कमलबाईंना याचा पत्ता लागला तो शहाण्णव साली. आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा भावसिंग उसाच्या ट्रॉलीवरून पडून आला होता, आणि त्याला भेटायला तांडा टेम्पो भरून येत होता. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला तर हाड पहिल्या दिवशी होतं तिथून तसूभर हललेलं नाही. डॉक्टर कमलबाईंवर कडाडले. त्यांचंही बरोबर होतं. चूक विटांची असू शकत नाही, डॉक्टरांची तर नसतेच. मग उरलं कोण?

दुसऱ्या दिवशी कमलबाई दाराआड उभ्या राहिल्या आणि भावसिंगच्या बायकोला, मिराबाईला, त्यांनी विटांसकट पकडलं. मिराबाई जराही गडबडली नाही. "बाई, त्येला लई तकलीफ होऊन राहिली," ती म्हणाली. "जेवायपुरत्या काढते म्या रोज. मानूस हाय, बैल न्हाई."

कमलबाईंनी आधी भिंतीवर पाटी लिहून घेतली: 'विटांना हात लावू नये.' पाटी कुणी वाचली नाही. पाट्या वाचायच्या असतात असं आपल्याला कुणी कधी सांगितलेलंच नाही. मग त्यांनी डोकं लढवलं आणि चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या. मिराबाईला म्हणाल्या, "आजपासून ह्या इटा तुझ्या. कुणी हात लावला तर तुझा नवरा जन्मभर लंगडंल, अन् तांडा तुलाच बोल लावंल." झालं! मिराबाई विटांपाशी ठाण मांडून बसली. खुद्द तांड्याचा नाईक रामसिंग भेटायला आला, त्यानेही मोठेपणाने हात पुढे केला, तर तिने नाईकाच्या हातावर फटकन चापट मारली. नाईकाच्या हातावर! दहाव्या आठवड्यात भावसिंग सरळ पायाने घरी गेला.

तेव्हापासून कमलबाईंचं नाव 'इटावाली सिस्टर' पडलं आणि त्यांना ते आवडलंही. पुढची सात वर्षं त्यांनी मायाळू माणसांशी लढण्यात घालवली. रोग्यांच्या पाठी स्पिरिटने चोळल्या, टाचांखाली पाणी भरलेले रबरी हातमोजे ठेवले, 'घोटा हलव, मांडी आवळ, सोड, परत आवळ' असं आठ खाटांना आठ वेळा बजावलं, आणि रडणाऱ्या आयांना, सासवांना, बहिणींना वॉर्डाबाहेर काढलं. डॉक्टर लोकांना सांगायचे, आमच्या सिस्टरच्या काळजाला प्लास्टर आहे. कमलबाईंना ती स्तुतीच वाटे.

आणि मग दोन हजार तीनच्या मार्चमध्ये त्यांचे वडील पुंजाजी चिंचेवर चढले.

पुंजाजींचं वय पासष्ट. नरसी नामदेवजवळच्या खेड्यात एकटेच राहायचे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेक म्हणायची, माझ्याकडे चला. पुण्यातला मुलगा प्रेमानंद म्हणायचा, माझ्याकडे या. पुंजाजींचं उत्तर ठरलेलं: "मपली चूल, मपली भाकर." चिंचा झोडपायला ते स्वतः चढले, कारण आजकालची पोरं नीट झोडपत नाहीत. चढायला त्यांना पाव तास लागला. खाली ते बरेच लवकर आले.

मांडीचं हाड मधोमध गेलं. नांदेडला नेऊन सळई टाकायची म्हटलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासून हात वर केले. म्हणजे विटाच. पुंजाजी लेकीला म्हणाले, "तुज्या दवाखान्यात हाय, मंग काय काळजी? पाय तेवढा बराबर कर. लंगडा झालो तं कोनाच्या तरी दारात पडावं लागंल. तसं जगायचं न्हाई मला, कमळे."

कमलबाईंनी स्वतःच्या हाताने दोरी बांधली. तीन दिवस सगळं यथास्थित चाललं. चौथ्या दिवशी दुपारी अडीच वाजता, वॉर्ड पेंगत असताना, पुंजाजी हळूच म्हणाले, "कमळे, दोन मिंट काढ गं."

कमलबाईंनी त्यांना मांस समजावलं. हाड समजावलं. पुंजाजींनी सगळं ऐकलं, "बराबर हाय तुजं," म्हणाले आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळायला लागलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे तांब्याभर पाणीही मागून घेतलं नाही, त्याने लेकीकडे दोन मिनिटं मागितली होती. कमलबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दोनातली एक वीट उचलून स्टुलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अडीचला परत. तिसऱ्या दिवशी त्यांना मागावंही लागलं नाही. शिकलेल्या माणसाची गंमत अशी, की अडाणी माणूस नुसती चूक करतो, शिकलेला तीच चूक शास्त्राला धरून करतो. कमलबाईंनी मनाशी मांडणी केली: काढते ती एकच वीट. मांडीचं मांस म्हातारं आहे, त्यात पूर्वीची ओढ कुठली? आणि अठरा वर्षांची नोकरी झालेल्या सिस्टरच्या बापाला निसर्ग थोडी तरी सवलत देत असेलच! एकीच्या दोन विटा झाल्या. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. त्या अर्ध्या तासात पुंजाजी शांत झोपायचे, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसताना कमलबाईंना जितकं बरं वाटायचं, तितकं कुठल्याही सरळ पायाकडे बघून वाटलं नव्हतं.

निसर्गाने सवलत दिली नाही. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि चष्मा काढला. "एक इंच चढलंय. विटांना कोण हात लावतंय?"

वॉर्डात सात रोगी होते, त्यांचे नातेवाईक होते, आणि इटावाली सिस्टर होत्या. कमलबाईंनी तोंड उघडलं. मी, एवढं एक अक्षर बोलायचं होतं. ते येईना. अठरा वर्षांचा दरारा, डॉक्टरांसमोर वर असलेली मान, हे सगळं त्या एका अक्षराच्या आड येऊन बसलं होतं.

"म्या काढतो, सायेब," पुंजाजी खाटेवरून म्हणाले. "काठीनं. लेक लई समजावती. मीच ऐकत न्हाई."

"बाबा, पोरगी एवढी हुशार, अन् तुम्ही असे?" डॉक्टरांनी बरंच सुनावलं. पुंजाजी मान हलवत राहिले. मग डॉक्टर वळले. "सिस्टर, लिहा. आणि आणखी एक वीट टांगा."

कमलबाईंचं अक्षर साऱ्या दवाखान्यात नावाजलेलं. त्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'रुग्ण सूचना पाळत नाही. वजनाला स्वतः हात लावतो. समज दिली.' खाली सही केली, आणि तिसरी वीट बापाच्या पायाला स्वतः बांधली.

त्या दुपारी अडीचला त्या खाटेपाशी गेल्या. "जा, काम कर तुजं," म्हणत पुंजाजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढच्या सात आठवड्यांत त्यांनी एकदाही काही मागितलं नाही.

तिसऱ्या विटेने अर्धा इंच परत मिळवून दिला. उरलेला अर्धा राहिला तो राहिलाच, शिवाय एवढे दिवस पडून मांडी वाळली आणि गुडघा आखडला. गावात कुणी विचारलं तर पुंजाजी सांगायचे, "सरकारी इटा हलक्या निघाल्या." लंगडत ते चालायचे, विहिरीपर्यंत जायचे. पण चुलीसमोर बसता येईना. उभ्याने चूल पेटत नाही आणि भाकरी थापता येत नाही. शेजारच्या रूपाबाई डबा द्यायला लागल्या, तो त्यांनी तीन-चार महिने कसाबसा गिळला. दिवाळीच्या आधी एक दिवस ते पत्र्याची पेटी घेऊन एसटीने आले आणि लेकीच्या दारात उभे राहिले.

संध्याकाळी कमलबाई भाकरी करत होत्या. पुंजाजी खुर्चीवर, आखडलेला पाय पुढे पसरून बसले होते. मग पुंजाजींनी विचारलं, "त्या दिशी कागदावर काय लिवलंस गं?"

कमलबाईंनी तव्यावरची नजर उचलली नाही. "रुग्ण सूचना पाळत नाही, असं लिहिलं, बाबा."

पुंजाजींनी जरा विचार केला. "बराबर लिवलंस," ते म्हणाले. "नोकरी टिकली पायजे." आणि त्यांनी ताट पुढे केलं.

कमलबाईंनी भाकरी वाढली. शेगडी गॅसची होती, तिला धूर नसतो; त्यामुळे डोळ्यांना काही सबबही नव्हती.