ब्रेकबाईंची कोरी गाडी

गावातल्या निम्म्याअधिक लोकांना गाडी चालवायला त्यांनी शिकवलं होतं, पण त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की तो दाबायचा. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असा बसलेला असायचा, जणू दोघं जन्मल्यापासून सोबत आहेत.

खरं तर त्या स्कूलच्या ऑफिसात फोन घ्यायला म्हणून लागल्या होत्या. शिकवणाऱ्या मास्तरांची पाठ धरली, मालकांपुढे प्रश्न पडला, आणि बाई म्हणाल्या, "चार दिवस मी बसते." मास्तरांची पाठ काही सुटली नाही, आणि बाईंचे चार दिवसही कधी संपले नाहीत. त्या कधी ओरडल्याचं कुणाला आठवत नाही. समोर कॉलेजातलं पोर असो की बँकेचा मॅनेजर, त्या सगळ्यांना 'तुम्ही'च म्हणायच्या. "घाबरलात? हरकत नाही. भीती गाडीला कळत नाही, पायाला कळते. तेव्हा पायाला समजवा." एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक चौकात गाडी तिसऱ्यांदा बंद पडल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकवून चक्क रडले. बाईंनी रुमाल पुढे केला, स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि ही गोष्ट पुढे त्या मुख्याध्यापकांनीच सगळ्यांना सांगितली म्हणून कळली. बाईंच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं.

अशा बाईंकडे स्वतःची गाडी नव्हती. सकाळी मालक गाडी घेऊन येत, संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी बाईंना घराशी सोडे. त्यामुळे पेट्रोल पंपाच्या पलीकडे त्यांनी स्वतः स्टिअरिंग धरल्याला वर्षं लोटली होती. नणंद त्यांच्याच घरी राहायची. ती दवाखान्यात नर्स, आणि जिभेला हाड नाही. ती म्हणायची, "वहिनी, दिव्याखाली अंधार तो हाच. सगळ्या गावाला पोहायला शिकवलंस आणि स्वतः काठावर!"

बाई हसून सोडून द्यायच्या. पण एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी गाडी घेतेय." नवरा शिंपी, मितभाषी. त्याने घास तसाच हातात धरून विचारलं, "कशाला गं?"

"हौस," बाई म्हणाल्या. दुसरं कारण त्यांनी ना तेव्हा दिलं, ना नंतर.

त्यांना हवी होती हिरवी गाडी. ताज्या पानासारखी हिरवी. तो रंग गावात नव्हता, होता तो डोंगरापलीकडच्या शहरात. दुसरा रंग घ्या, हा लवकर मळतो, असं तिघाचौघांनी सुचवून पाहिलं. बाईंनी मान हलवली आणि हिरवीच ठरवली.

ठरल्या दिवशी बाई आणि नणंद बसने त्या शहरात पोचल्या. शोरूमच्या तरुण विक्रेत्याने काचेवर पुढे-मागे कागद चिकटवला. त्यावर तात्पुरता नंबर छापलेला होता. "मॅडम, पक्का नंबर तुमच्या गावच्या ऑफिसात मिळेल. तोवर हा. मुदत आहे, तेव्हा सरळ घरी जा, इकडेतिकडे भटकू नका. आणि जरा जपून, हं. पहिलीच गाडी ना?"

"पहिलीच," बाई म्हणाल्या.

फाटकापाशी गाडी आचका देऊन बंद पडली. विक्रेता ओठ दाबून दुसरीकडे बघू लागला. नणंदेने कपाळाला हात लावला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षं त्या बाजूच्या सीटवर बसत आल्या होत्या. हात, पाय, नजर सगळं त्या जागेचं झालं होतं. क्लचवरचा स्वतःचा पाय त्यांना परक्याच्या चपलेत घातल्यासारखा वाटत होता. त्यांनी एक श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हरकत नाही. पुन्हा चालू करा. आरसा बघितलात? आता क्लच हळू सोडा."

"कोणाशी बोलतेयस?" नणंदेने विचारलं.

"माझ्याशी."

"स्वतःला 'तुम्ही' म्हणतेस?"

"नवीन विद्यार्थिनी आहे. मान द्यायला नको?"

अशा रीतीने बाई स्वतःला शिकवत शिकवत शहराबाहेर पडल्या. "पुढे बस आहे, अंतर ठेवा. घाई नको. छान." नणंद आधी हसली, मग कंटाळली, आणि मग दोन्ही पाय जमिनीवर रोवून जीव मुठीत धरून बसली. काचेवरचा तात्पुरता नंबर बघून रस्त्यावरचा प्रत्येक जण बाईंना नवशिकी समजत होता. मागचे उगाच हॉर्न वाजवायचे. एका मोटरसायकलवाल्याने तर शेजारी येऊन, "काकू, गिअर बदला, गिअर!" असा फुकटचा सल्ला दिला. बाई म्हणाल्या, "धन्यवाद." आणि गिअर खरंच बदलला, कारण त्याचं बरोबर होतं.

दुपारी घाट लागला. चढ उभा, रस्ता अरुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला कठडा. एका वळणानंतर पुढची जुनी पांढरी गाडी अचानक थांबली. बाईंनीही ब्रेक लावला. त्यांच्या मागे एक मालट्रक येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी गाड्या. समोरून उतरणारी वाहनं अंग चोरून बाजूने जात होती. पांढरी गाडी थोडी पुढे सरके, बंद पडे, थोडी मागे येई, पुन्हा थांबे.

"वहिनी, ती आपल्यावर येणार!" नणंद ओरडली. "मागे घे!"

"मागे ट्रक आहे."

"मग हॉर्न दे!"

बाईंनी हॉर्न दिला नाही. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली आणि खाली उतरल्या.

पांढऱ्या गाडीत स्टिअरिंग घट्ट धरून एक तरुण बाई बसली होती. बोटं पांढरी पडली होती. मागच्या सीटवर तिचे वडील डोळे मिटून पडले होते. तिने रडवेल्या आवाजात एका दमात सांगितलं, ते असं, की गाडी वडीलच चालवत होते. खाली त्यांना चक्कर आली. तिच्याकडे लायसन्स आहे, पण लग्नानंतर कधी हात लावला नाही, आणि फोनला इथे रेंज नाही. पलीकडच्या गावात दवाखाना आहे, तिथे पोचायचंय.

बाईंनी मागे वळून नणंदेला हाक मारली. नणंद आली, वडिलांची नाडी धरली, डोळे बघितले, दोन प्रश्न विचारले. एरवीची तिची कात्रीसारखी जीभ अशा वेळी कापसासारखी होत असे. "काका, सकाळपासून काही खाल्लं नाहीत ना? ही गोड गोळी चघळा. ताई, लगेच काही होत नाही, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मी यांच्याजवळ बसते."

एव्हाना ट्रकवाला उतरून आला होता. धिप्पाड, घामेजलेला, वैतागलेला. "सरका, मी चढवून देतो वर. मिनिटाचं काम."

तरुण बाई लगेच दार उघडू लागली. ब्रेकबाईंनी ते बाहेरून हलकेच लावलं. "वर तुम्ही न्याल हो, दादा. पण पुढे? पलीकडे उतार आहे, मग दवाखान्यापर्यंत रस्ता आहे. तिथे कोण आहे यांना? गाडी यांनाच न्यायची आहे. मग इथेच जमू दे."

ट्रकवाल्याने हिरव्या गाडीच्या काचेवरचा कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो बाई, तुमचीच गाडी अजून कोरी. नंबरसुद्धा आला नाही. तुम्ही काय शिकवणार?"

"बघू या," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या. बसल्याबरोबर त्यांचे खांदे सैल झाले. पाठ जागेवर टेकली. दिवसभरात पहिल्यांदाच त्या आपल्या घरी आल्या होत्या.

"चला, चालू करा. मी आहे."

तरुण बाईने चालू केली, क्लच झटक्यात सोडला. गाडी बंद पडली आणि मागे घरंगळली. बाईंचा पाय सवयीने खाली दाबला गेला, तर तिथे नुसती चटई. ब्रेक नव्हताच! तेवढा एक क्षण गेला. दुसऱ्या क्षणी त्यांनी हँडब्रेक खेचला, पण त्याआधी मागून 'खट्ट' असा आवाज आला होता. कोऱ्या गाडीच्या नाकावर पांढरी गाडी टेकली होती.

तरुण बाईच्या तोंडचं पाणी पळालं. "तुमची गाडी! नवी गाडी तुमची!"

बाईंची नजर आरशाकडे गेलीच. ताज्या पानासारखा हिरवा रंग, पहिलाच दिवस. पण आवाजात त्यांनी तसूभरही फरक पडू दिला नाही. "ती कुठे पळून जात नाही. नंतर बघू. तुम्ही पुढे बघा. चूक माझी होती, मी नसलेला ब्रेक दाबला. आता हँडब्रेक मी धरते. तुम्ही फक्त पायाकडे लक्ष द्या. पूर्ण क्लच. पहिला गिअर. थोडी रेस. आता क्लच हळू, अगदी हळू सोडा… गाडी थरथरतेय? नाक उचलल्यासारखं वाटतंय?"

"हो."

"तिथेच पाय थांबवा. ही गाडी आता तुमच्या पायावर उभी आहे. कळलं? मी हँडब्रेक सोडतेय, ती मागे जाणार नाही."

त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. क्षणभर जिथल्या तिथे थरथरत राहिली, आणि मग, "आता रेस द्या," या शब्दासरशी पुढे निघाली. मागून ट्रकवाल्याची सणसणीत शिट्टी ऐकू आली.

माथ्यावर रुंद जागा होती. बाईंनी तिथे गाडी थांबवायला लावली, आणि लगेच पुन्हा निघायला लावलं. मग पुन्हा थांबवली, पुन्हा निघाल्या. उतारावर खालच्या गिअरमध्येच जायचं, नुसत्या ब्रेकवर विसंबायचं नाही, हे नीट समजावलं. मग स्वतः उतरल्या आणि दार लावलं. नणंदेने मात्र मागच्या सीटवरूनच सांगितलं, "वहिनी, मी यांच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जाते. तू मागून ये." तरुण बाईने आरसा बघितला, मागे बघितलं आणि एकही आचका न देता गाडी काढली. ब्रेकबाई वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून भराभरा घाट उतरू लागल्या.

खाली ट्रकवाला हिरव्या गाडीच्या मागे हात पसरून उभा होता आणि मागच्या हॉर्नवाल्यांना दरडावत होता. चाकांमागे त्याने दगडही लावले होते. बाई धापा टाकत पोचल्या तसा तो म्हणाला, "बाई, गाडी कोरी आहे, पण तुमचा पाय मुरलेला आहे. चुकलं माझं."

"दगड लावलेत, ते बरं केलंत," बाई म्हणाल्या. पुढच्या बंपरला चेपा आला होता, रंगही खरवडला होता. त्यांनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि आत बसल्या. दगड निघाले. गाडी उभ्या चढावर एका दमात, तेल दिलेल्या यंत्रासारखी सुटली. या वेळी त्या स्वतःशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

दवाखान्यात वडील पलंगावर बसून चहा पीत होते आणि लेकीच्या ड्रायव्हिंगच्या चुका काढत होते, म्हणजे बरे होते. लेकीने दुरुस्तीचा विषय काढला. बाईंनी तो हातानेच बाजूला सारला. "आठवड्यातून दोनदा तरी गाडी काढत जा. बंद पडली तरी चालेल. काढायची."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. नवरा दारातच उभा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चेप्यापाशी वाकला, कापडावरची चुणी तपासावी तशी बोटं फिरवली आणि म्हणाला, "ही इस्त्रीने जाणारी नाही." नणंदेने सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. ती त्याने उभ्याउभ्याच शेवटपर्यंत ऐकली. मग आत जाऊन बायकोसाठी ताट वाढून घेऊन आला.

पक्का नंबर मिळेपर्यंतचे दिवस गावाने साजरे केले. जिथे जावं तिथे कुणीतरी जुना विद्यार्थी काचेवरचा कागद बघून ओरडायचा, "बाई, आरसा बघा!" "बाई, घाई नको!" निवृत्त मुख्याध्यापकांनी तर भर चौकात गाडी थांबवून त्यांना आधी जाऊ दिलं आणि मागच्या रांगेला खिडकीतून सांगितलं, "थांबा रे, नवीन ड्रायव्हर आहेत." बाई हसत हसत सगळ्यांना हात करायच्या.

नोंदणी ऑफिसातले तपासनीस गाडीभोवती फिरले. इंजिनावरचा आकडा कागदाशी ताडून बघितला, आणि बंपरपाशी थबकले. "नवीन गाडी, आणि एवढ्यात ठोकली? ती पण तुम्ही?"

"मी नाही. विद्यार्थिनीने."

"पास झाली का ती?"

"झाली," बाई म्हणाल्या. तपासनीसांनी सही केली.

पक्की पाटी बसली त्या रविवारी बाईंनी नवऱ्याला शेजारी बसवून तळ्याकडे नेलं. हा माणूस कुणाच्याही गाडीत बसला की वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. आजही त्याने धरला. गावाबाहेरची झाडं मागे पडली, रस्ता मोकळा झाला. बाई काही तरी बोलत होत्या. उत्तर येईना म्हणून त्यांनी बघितलं, तर हात मांडीवर, मान खिडकीला टेकलेली, आणि तो गाढ झोपला होता.

तळं आलं. बाईंनी गाडी थांबवली नाही. वेग थोडा कमी केला आणि काठाकाठाने आणखी एक फेरी घेतली.