गुंडावरचं नाव

नागपूरच्या महाल भागात एका निवृत्त मास्तरांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नैसर्गिक आपत्तींचं संग्रहालय मांडलं होतं. ऐंशी सालाच्या आगेमागे एका रविवारी मी ते पाहायला गेलो. नागपुरात रविवार घालवायला माझ्याकडे माणसं नव्हती, हे एक कारण. दुसरं, तिथे कन्हानच्या पुरात सापडलेली भांडी होती. त्या पुरात माझे आईवडील वाहून गेले. दोन वर्षांचा मी तेव्हा सावनेरला आत्याकडे होतो, म्हणून उरलो. आईचा साधा फोटोही माझ्याजवळ नव्हता. तिचा हात लागलेलं काहीतरी मिळावं, एवढीच आस होती.

भूकंपात तडकलेला पाटा, वीज पडलेल्या चिंचेचा ओंडका, हे मी नुसतं बघितल्यासारखं केलं. भांड्यांपाशी मात्र उकिडवा बसलो. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं वापरात येत नाही. एकेक उलटंसुलटं करून मी वडिलांचं नाव शोधलं. नव्हतं. मला रागच आला, कोणावर ते कळेना.

शेवटी पाण्याचा एक पितळी गुंड उरला. त्यावर नुसतं एका बाईचं नाव. मास्तर म्हणाले, "याले कोणी न्यायले आलंच नाही गा. ओळखीचं हाय का? असंन तर घेऊन जा."

मी नाव मोठ्याने वाचलं. "नाही," म्हटलं, "ही आमच्यातली कोणी नाही." आणि हात हलवत परत आलो.

दिवाळीत सावनेरला गेलो, तेव्हा आत्यापुढे कुरकुर केली, की वडिलांच्या नावाचं एकही भांडं तिथे नाही.

"त्याचं नाव काहून राहीन?" आत्या म्हणाली. "त्यानं भांडं घेतलंच कुठी! पाण्याचा गुंड तुह्या मायनं माहेराहून आणला. लग्नाच्या आधीचं नाव हाय त्याच्यावर. आपल्या घरी आल्यावर बदललं ना तिचं नाव."

आणि तिने ते जुनं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

भाऊबीजेलाही थांबलो नाही, तशीच एसटी धरली. गुंड आता माझ्या खोलीत आहे. एकट्याला एवढं पाणी लागत नाही, तरी रोज भरतो. आईचं ते नाव आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेव्हा त्यापुढे मी काय बोललो ते मास्तर बहुधा विसरले असतील. मी नाही विसरलो.