दौलत गचक्यांबद्दल काय म्हणाला होता

दौलत गेल्याचं मला गोंदियाच्या कचेरीत कळलं. गावाकडून दूध आणणारा माणूस दारातूनच म्हणाला, "बाबूजी, तुमच्या दौलतले भुतानं नेलं." मी त्याच्यावर खेकसलो. भूत कसलं डोंबलाचं! माझ्या चुलतभावाला न्यूमोनियानं नेलं, आणि न्यूमोनियाच्या तावडीत त्याला मी दिलं. महिना होऊन गेला, आता तरी सांगतो.

लढाईच्या काळात गोंदियाजवळ विमानांसाठी धावपट्टी झाली. मी तिथे हजेरीबाबू. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी होतं म्हणून दुभाषाही. दौलत मुरूम वाहायचा. खरा तो धान उपणणारा. आजूबाजूच्या सगळ्या खळ्यांवर त्याला मानानं बोलावणं असे. वारा केव्हा पडेल, केव्हा उसळेल, हे त्याला अंगावरच्या घामावरून कळायचं. पण धावपट्टीवर तो पंचा नेसलेला अनवाणी मजूर होता, आणि तो माझा भाऊ आहे हे मी साहेबांना कधी कळू दिलं नाही.

चैत्रातल्या एका दुपारी एक साहेब विमानातून उतरला तो शिव्या देतच. तलावाच्या काठावर असा गचका बसला होता की जीभ चावली जाऊन तोंडात रक्त आलेलं. "इथल्या हवेत खड्डे आहेत काय?" तो ओरडला. मी ते मजुरांना सांगितलं, तसा दौलत टोपलं ठेवून पुढे आला. "भाऊ, साहेबाले सांग, हवेत खड्डा गिड्डा नसते. धान कापल्यावर वावरातल्या बांध्या उघड्या पडल्या, आता तव्यासारख्या तपून रायल्या. तिथली हवा वर उठते. तलावावरची थंडी, ते खाली बसते. दोघींच्या मधात विमान सापडलं का आधी वर उचलते, मंग आपटते. घारींकडं पाय ना... बांधीवर पंख न हालवता वर चढतेत, तलावावर आल्या का फडफड करतेत. सकाळी ऊन तपायच्या आधी उतरा म्हना, नाहीतर तलाव सोडून या."

सगळं बरोबर होतं. पुढे एका वैमानिकानं अगदी हेच मला इंग्रजीत समजावलं, तेव्हा मी "येस सर, येस सर" करत मान डोलावली. पण त्या दुपारी साहेबानं विचारलं, "हा काय म्हणतो?" आणि मला लाज वाटली. मुरूम वाहणाऱ्यानं साहेबाला विमान शिकवायचं? मी इंग्रजीत म्हणालो, "साहेब, तो म्हणतो तलावावर भूत आहे." साहेब पोट धरधरून हसला. मीही हसलो. दौलतही हसला, बिचारा. त्याला वाटलं, साहेबाला पटलं.

साहेबाला ती थट्टा होती. त्याच्या नोकरांनी ती मजुरांना सांगितली, मजुरांबरोबर ती गावात गेली आणि गावात थट्टा राहिली नाही. दौलतला भूत दिसतं, साहेबानंही मानलं, असं झालं. खळ्यांवरची बोलावणी बंद झाली. त्यानं उपणलेलं धान कोण घरात घेणार? एकदा त्यानं मला गाठलं. "भाऊ, तू साहेबाले काय सांगतलास?" मी त्याच्या तोंडावर सांगितलं, "तू बोललास तेच."

यंदा पौषात त्याला ताप भरला, छातीत कळा येऊ लागल्या. गोंदियाचा दवाखाना बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. मला हे नंतर कळलं, गावानं मांत्रिक बोलावला. दार लावून मिरच्यांची धुरी दिली... आधीच श्वास लागलेल्या माणसाला! "माले दवाखान्यात न्या," तो रडून रडून म्हणत होता. सगळे म्हणाले, हा नाही बोलून राहिला, त्याच्या अंगातलं बोलून राहिलं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. मांत्रिक म्हणाला, उतरलं.

तेरवीला पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो आणि झाली गोष्ट सगळ्यांसमोर बोललो. भूत दौलतनं म्हटलंच नव्हतं, मी म्हटलं. कोणी रागावेल, निदान एखादा अंगावर धावून येईल, असं वाटलं होतं.  दौलतच्या बायकोनं पोरीला ओढून माझ्यापासून दूर नेलं. थोरले काका हळूच म्हणाले, "याले बी लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मांत्रिकाला माझ्या आईनं घरी आणलं. तो ओसरीवर मिरच्या निवडत बसला होता. मी सायकल काढली आणि सरळ गोंदियाला निघून आलो. मला पळता येत होतं.