गायकवाड बाईंनी आकडे बदलले नव्हते

फोन उल्हासनगरहून सुनीताचा होता. आमच्या अंबरनाथच्या शाळेची ही जुनी विद्यार्थिनी आता कापडाचं दुकान सांभाळते. "सर, गायकवाड बाई ऑफ झाल्या," बाई गेल्याची बातमी तिनं एका दमात सांगितली. मग इतक्या वर्षांनी तिनं विचारलं, "सर, एक सांगा... बाईंनी तेव्हा आमचे आकडे का बदलले? सच्ची बोला." मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. उत्तर मला ठाऊक होतं.

मंदा गायकवाड बदलापूर गावातून यायच्या आणि सातवीला विज्ञान-गणित शिकवायच्या. त्यांच्या वर्गात खडूपेक्षा दोरा, मेणबत्त्या आणि पाण्याच्या बाटल्याच जास्त असत. वर्तुळाचा धडा आला तेव्हा त्यांनी पोरांना घरातून गोल वस्तू आणायला सांगितलं. कढया आल्या, बांगड्या आल्या, पिंपांची झाकणं आली. एक जण स्कूटरचा टायर गळ्यात घालून आला. परीघ दोऱ्यानं मोजायचा, व्यास पट्टीनं, मग परिघाला व्यासानं भागायचं. मी दारात उभा राहून तो कल्ला पाहत होतो.

"बाई, माझं तीन पूर्णांक चार आलं. चुकलं?"

"नीट मोजलंस ना? मग पुन्हा मोज, बघ काय येतं."

"बाई, ह्याच्या आईची कढईच चेपलीय!"

"मग तेही लिही. कढई चेपलेली."

सगळ्यांचे आकडे एका मोठ्या तक्त्यावर गेले. वेगवेगळे, पण सगळे तीनच्या आसपास घुटमळणारे. खाली बाईंनी फक्त एक प्रश्न लिहिला होता : वस्तू बदलली तरी उत्तर फारसं का हलत नाही?

तो तक्ता विज्ञान प्रदर्शनाला जायचा म्हणून माझ्या खोलीत ठेवला होता. संध्याकाळी बाई घरी गेल्यावर मी तो नीट पाहिला आणि मला लाज वाटली. लोक म्हणतील, या शाळेच्या पोरांना साधं मोजता येत नाही. मी कोरा कागद घेतला, छापल्यासारख्या अक्षरात सगळ्यांची नावं उतरवली आणि प्रत्येकापुढे ३.१४ लिहिलं. चेपलेल्या कढईपुढेसुद्धा. जुन्या तक्त्याच्या जागी हाच गुंडाळून प्रदर्शनाला पाठवला. आपण पोरांना मदतच करतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

प्रदर्शनात परीक्षकांनी तक्ता वाचला आणि ते हसले. "दोऱ्यानं मोजून सगळ्यांचं एकच उत्तर? बाई, हे मोजलेलं नाही, पढवलेलं आहे." मुलं शेजारीच उभी होती. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना नोकरीत कायम करण्याची शिफारस माझ्या हातात होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या बोलल्या नाहीत... मीही नाही.

परतताना टेम्पोत एकही मूल त्यांच्याशी बोललं नाही. पुढच्या वर्षी, बोभाटा नको म्हणून, मीच त्यांच्याकडून सातवी काढून घेतली आणि पाचवीचा भूगोल दिला. माझ्या खोलीतून जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "सर, पोरांचे आकडे होते ते."

गेल्या आठवड्यात मी बदलापूर गावात त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान अशोकराव कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंदानं मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्यावर नाही चिडली ती. पोरं बोलेनात, म्हणून रडली. आता मला सांगून काय होणार, साहेब? पोरांना सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. सुनीता, आणि तुझ्या वर्गातल्या सगळ्यांनो, तुमचं मोजमाप खरं होतं. बाईंनी त्यातला एकही आकडा बदलला नाही. ते मी बदलले.

त्या दिवशी निघताना अशोकरावांनी मला गच्चीवर नेलं. तिथं एक लोखंडी सळई उभी होती. दर रविवारी दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते त्या क्षणी बाई सावलीच्या टोकाशी रंगाचा ठिपका द्यायच्या. निवृत्तीनंतरही गल्लीतली पोरं त्यासाठी जमायची. ऋतूप्रमाणे सावली बदलत गेली तशी यंदाच्या ठिपक्यांची ओळ सरकत गेली होती, मध्ये कुठं कुठं तुटलेली.

"इथं ढग होते," अशोकराव म्हणाले. मग एका मोठ्या रिकाम्या जागेपाशी थांबले. "इथं ती दवाखान्यात होती. मी विचारलं, अंदाजानं देऊ का गं ठिपके? तर म्हणाली, पाहिलं नाही ना, मग मोकळं राहू दे."

त्या मोकळ्या जागेच्या पुढे ठिपके पुन्हा सुरू झाले होते. थोडे मोठे, कडेला रंग ओघळलेले... दवाखान्यातून परतल्यावर बाईंनी स्वतः दिलेले.