संस्थेची वेबसाइट आणि खो-खोची ढाल

"वेबसाइटवर मुलींचे फोटो टाकायचे नाहीत. आणि का, ते विचारायचं नाही."

कामाच्या पहिल्याच दिवशी सांगलीच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मला हे सांगितलं, चहासुद्धा यायच्या आधी. मी साताऱ्याची, बी.एस्सी. झालेली, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. 'का' विचारू नको असं कुणी म्हटलं की माझ्या जिभेला खाज सुटते. पण नोकरी कंत्राटी होती, म्हणून त्या दिवशी गप्प बसले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या संस्थेचं एक कॉलेज साताऱ्यात, एक सांगलीत, आणि दोन्ही मिळून विद्यापीठ व्हायचे वेध लागलेले. विद्यापीठ व्हायचं तर वेबसाइट विद्यापीठासारखी दिसायला हवी, म्हणून जुनी मोडून नवी करायची ठरली. त्यासाठी समिती नेमली. समितीत सगळे साठीच्या पुढचे, आणि कॉम्प्युटर चालू करता येणारी मी एकटी. आता कुणी विचारलं, त्या कामात काय काय केलंस, तर मला काम आठवत नाही. किस्से आठवतात, आणि एक सांगायला घेतला की मागून दुसरा येऊन उभा राहतो.

*

जुनी वेबसाइट अध्यक्षांच्या भाच्यानं केली होती. अध्यक्षांना सगळे आण्णा म्हणत. मूळचे पलूसकडचे, ऊस बागायतदार, तालमीतली तब्येत. साइट उघडली की आधी आण्णांचा फेट्यातला फोटो, मग उपाध्यक्ष, मग सचिव, मग खजिनदार, असे सगळे ज्येष्ठतेनुसार खाली येत.

मी मिरजेत एका सायबर कॅफेत जाऊन ती उघडून बघितली. चहा मागवला, प्यायले, कप परत गेला, तेव्हा कुठं आण्णांच्या मिशा आल्या.

समितीत मी सांगितलं, "माणूस इतका वेळ थांबणार नाही. कंटाळून निघून जाईल."

आण्णा शांतपणे म्हणाले, "आवं मॅडम, आपल्या संस्थेत काम घेऊन आलेल्या माणसाला थांबावं लागतंच. त्याला आत्तापासनं सवय होऊ दे."

उपाध्यक्षांचं दुःख निराळं होतं. ते बराच वेळ पडद्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "मी आण्णांच्या खाली का?"

"साइट वरून खाली जाते, सर."

"मग आडवी करा की."

*

त्या काळी वेबसाइटवर मराठी वाचायचं तर समोरच्या कॉम्प्युटरमध्ये तोच फॉन्ट असावा लागे. नसला तर नुसता काड्या-टिंबांचा पाऊस. साताऱ्याच्या कॉलेजात आम्ही नवी साइट दाखवायला गेलो, तर आण्णांचा 'अध्यक्षीय संदेश' तसाच दिसला. ओळीच्या ओळी, एक अक्षर कळेल तर शपथ.

प्राचार्य जवळ सरकले आणि कानात म्हणाले, "असू दे. भाषणातही कुणाला फारसं कळत नाही."

मागं आण्णा उभे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, ते मला आजवर समजलेलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी प्राचार्यांना भुईमुगाच्या शेंगा मात्र दिल्या नाहीत.

*

मग ते टेलिफोनचं. सांगलीच्या कॉलेजात एकच लाइन. तीच ऑफिसची, तीच मुलींच्या होस्टेलची, तीच इंटरनेटची. मी साइट चढवायला बसले की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज लागायचा. आणि होस्टेलमध्ये कुणी रिसीव्हर उचलला की माझं सगळं काम तुटायचं.

होस्टेलच्या रेक्टर म्हणजे माई. पांढरं पातळ, कमरेला किल्ल्या. रिसीव्हर कानाला लावला की त्यांना मोडेमची किंचाळी ऐकू यायची, आणि त्या वरच्या मजल्यावरून ओरडायच्या, "अगं पोरी, काय कापतेयस तिथं?"

एकदा मी लाइन सोडल्या सोडल्या घंटी वाजली. पलीकडं कुणी तरी मोठ्यानं, सावकाश बोलत होतं.

"मॅडम, मी मिलिट्रीतला हवालदार बोलतो. सुनंदाचा बा. आसामकडनं. लय वेळ झाला, लाइनच मिळंना."

सुनंदा आमच्या मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार. संघानं नुकतीच विभागाची ढाल आणली होती. फोटो काढताना मी तिला म्हटलं होतं, हा वेबसाइटवर लावू. ती तेवढ्यावर न थांबता बापाला कळवून मोकळी झाली होती.

"पोरगीचा फोटू इंटरनेटवर येनार हाय म्हनं. व्हय का?"

मी म्हटलं, "व्हय."

"कवा?"

"उद्घाटन रविवारी. अकरा वाजता."

"मंग मी साहेबाकडनं परवानगी काडतो. शहरात कॉम्प्युटरचं दुकान हाय, तितं जाऊन बसतो. तिला बघून दीड वरीस झालं, मॅडम. सुट्टी दोनदा रद झाली." मग जरा थांबून, "उंच झाली का वो ती?"

मी सांगितलं, झाली. दारातून येताना वाकते. ते हसले. मग लाइन तुटली.

*

तो फोटो समितीपुढं गेला. मैदान, मागं खो-खोचा खांब, मध्ये मुलींनी डोक्यावर उचललेली ढाल, एका बाजूला आण्णा, दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक.

"मुली काढा," प्राचार्य म्हणाले.

"सर, खो-खो मुलीच खेळल्या."

"त्याबद्दल अभिमानच आहे. काढा."

मी त्यांच्यासमोरच काढल्या. उरले आण्णा, प्रशिक्षक आणि ढाल. ढालीला खालून एक हात चिकटून राहिला होता, बांगडीसकट.

"हा कुणाचा?" सचिवांनी विचारलं.

"सुनंदाचा."

"तोही काढा."

काढला. आता दोन भारदस्त माणसांच्या मध्ये ढाल नुसती हवेत तरंगत होती. समितीनं ती बराच वेळ न्याहाळली. शेवटी उपाध्यक्ष म्हणाले, "छान दिसतेय. दैवी वाटतंय."

गंमत म्हणजे त्याच बैठकीत उद्घाटनाचं स्वागतगीत कुणी म्हणायचं हे ठरलं. मुलींनी. पाहुण्यांना गुलाबाचं फूल कुणी द्यायचं? मुलींनी. पेढ्यांचं ताट? तेही मुलींनीच!

*

त्या संध्याकाळी मी तडक होस्टेलवर गेले आणि माईंना विचारलं, "हा नियम कुठल्या शहाण्यानं केला?"

माई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "आण्णांनी."

"वाटलंच मला."

"बस इथं. सोलू लाग." मी बसले. "पूर्वी कॉलेजच्या वार्षिक अंकात मुलींचे फोटो असायचे. एका मुलीचा फोटो कुणी तरी कापून घेतला आणि खिशात घालून तिच्या गावात मिरवला. बापानं तिला घरी नेलं. त्या गावच्या आणखी चौघी होत्या, त्याही गेल्या. आण्णा स्वतः त्या गावात गेले. त्या माणसाच्या अंगणात दिवसभर बसून राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, पोरी परत पाठवा, मी जबाबदार. एकही आली नाही. येताना आण्णा गाडीत रडले म्हणतात. मी काही बघायला नव्हते."

मी शेंग फोडत राहिले. दाणे किडके निघत होते.

"मग कापणाऱ्याला काय शिक्षा झाली?" मी विचारलं.

माईंनी माझ्याकडं बघितलं. "कापणाऱ्याला? तो बी.ए. झाला."

*

रविवारी कॉम्प्युटरच्या खोलीत मांडव घातल्यासारखी गर्दी. मॉनिटरला लाल फीत बांधलेली, त्यावर झेंडू. कुणी तरी काचेलाच हळदकुंकू लावलं होतं. आण्णांनी फीत कापली, नारळ बाहेर पायरीवर फुटला. मोडेम किंचाळायला लागला तेव्हा मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

होस्टेलवर माईंना मी बजावून ठेवलं होतं, आज रिसीव्हर उचलायचा नाही. त्या दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी सुनंदा, इस्त्रीच्या साडीत, हातात पेढ्यांचं ताट. सव्वाअकरा होऊन गेले होते.

पहिलं पान आलं. आण्णांचा फेटा, कपाळ, मिशा. पुन्हा टाळ्या. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणाले, "वा. आता खेळाचं पान बघू."

मी क्लिक केलं.

फोटो वरून उतरायला लागला. आधी आभाळ. मग खांबाचं टोक. मग ढाल, अगदी सावकाश. ढालीखाली एक हात आला, बांगडीसकट. मग दुसरा. मग हातच हात.

प्राचार्य माझ्या खांद्याशी वाकले. "मॅडम, हा जुना फोटो. आपण काढला होता ना?"

"हो सर. मी परत लावला."

केस दिसायला लागले. रिबिनी. सुनंदाचा भांग.

"काढा त्यो फोटू," आण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "पोरी, साइटवरनं काढ. तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

"सांगितलंय, आण्णा. का, तेही आता कळलंय." मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "पण मी काढणार नाही. हिचे वडील आसामात एका दुकानात बसलेत. दीड वर्षात त्यांनी हिला बघितलेलं नाही. आपल्याकडं कपाळ आलंय. तिकडची लाइन याहून हळू आहे, त्यांच्याकडं अजून भांगच असेल. चेहरा यायचाय."

सचिव पाहुण्यांकडं बघत होते, पाहुणे पडद्याकडं. आण्णांनी वळून दाराकडं बघितलं. सुनंदाच्या हातातलं ताट माईंनी खालून धरलं होतं.

आण्णांनी जवळची खुर्ची ओढली, पडद्यासमोर बसले, आणि डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला.

भुवया आल्या.