दोराला तार म्हणायचं

लोक रागावले की एकमेकांना ‘खड्ड्यात जा’ म्हणतात. ओनोरीन गेरेक एकोणीस वर्षं रोज आपल्या पायांनी खड्ड्यात जात होती आणि त्यावरच तिची चूल पेटत होती. नान्तच्या बंदराजवळच्या थिएटरात रंगमंचाच्या पुढच्या काठाशी एक चौकोनी खड्डा होता, प्रेक्षकांच्या बाजूने झाकलेला. त्यात छातीपर्यंत बुडून बसायचं आणि प्रॉम्प्टिंग करायचं. गावाला नटांचे चेहरे ठाऊक, ओनोरीनला त्यांचे बूट. कोणाचा तळ फाटलाय आणि कोण दुसऱ्याच्या बायकोने घेऊन दिलेले बूट मिरवतोय, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण बाईचं तोंड मिटलेलं.

तोंड मिटायला कारणही होतं. त्या थिएटरात ‘दोर’ हा शब्द उच्चारायचा नाही. बॅकस्टेजची निम्मी मंडळी जुने खलाशी. दोर म्हटलं की कोणीतरी मरणार, अशी त्यांची पक्की समजूत. दोराला ‘तार’ म्हणायचं. जीभ घसरली, तर घसरणाऱ्याने सगळ्यांना पाजायची. ओनोरीनचा नवरा फिर्मँ वरच्या माळ्यावरून पडदे ओढायचा. एके दिवशी तो खाली आला तो पडद्यासकट. दोर कुजलेला होता आणि मालक देलपेशांच्या कानावर ते तीनदा घालून झालं होतं. कागदावर मात्र लिहिलं गेलं, ‘दारूच्या नशेत तोल गेला.’ साक्षीला माळ्यावरचा जोडीदार इव्हों. त्याने मान खाली घालून सही केली. दारुड्याच्या विधवेला पेन्शन कसली? मालकांनी उदार होऊन तिला खड्डा दिला. शब्दच उच्चारायचा नाही म्हटल्यावर दोर धड होता की कुजका, हे बोलणार तरी कोण? ओनोरीनला जगाकडून एवढंच हवं होतं: या छपराखाली कोणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, की माझा फिर्मँ प्यायलेला नव्हता.

मग आला बाझील कोर्वेक, नाटककार. तीनदा तुरुंग पाहिलेला. एकदा पुस्तकं चोरली म्हणून, दोनदा न्यायाधीशाला तोंडावर बोलला म्हणून. महापौरांच्या मेजवानीत त्याने महापौरांच्याच बुटात वाइन ओतली म्हणतात. जवळ बसलेले सांगतात, सूप होतं. घरमालकिणीने हाकलला की स्वारी ओनोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन कोबीचं सूप ओरपायची आणि देवापासून पोलिसापर्यंत कोणालाही शिव्या द्यायचं बाकी ठेवायची नाही. अशाच एका दुपारी तिने त्याला फिर्मँचं सगळं सांगितलं. चमचा त्याच्या हातातच राहिला.

“ओनोरीनबाई, हे मी देलपेशच्या थिएटरात, देलपेशच्या तोंडावर बोलणार.”

आणि लिहिलंनही. नाटक माळ्यावरच्या एका मजुराचं. शेवटी त्याची विधवा पुढे येऊन दोनच वाक्यं बोलते आणि पडदा पडतो. ती वाक्यं ओनोरीनने प्रॉम्प्टिंगच्या वहीत इतक्यांदा वाचली, की पानाचा कोपरा मऊ पडला.

तालमी रंगात आल्या, तेव्हा मालकांनी बाझीलला कचेरीत नेऊन दार लावून घेतलं. आत काय झालं ते भिंतींना ठाऊक. तो बाहेर आला, खड्ड्यापाशी गुडघे टेकून बसला आणि ओनोरीनच्या वहीतल्या शेवटच्या ओळीवर त्याने स्वतःच्या हाताने लाल रेघ ओढली.

“एकच तर ओळ गेली, बाई. बाकी सगळं नाटक वाचलं.”

“माझं तेवढंच नाटक होतं, बाझील.”

न्यायाधीशाला न घाबरलेला गडी तिच्या नजरेला नजर न देता निघून गेला.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी झाला. मालक पहिल्या रांगेत, कोटाला फूल लावून. शेवटी विधवेचं काम करणारी नटी पुढे आली आणि ठरल्याप्रमाणे गप्प उभी राहिली. लाल रेघेखालची अक्षरं ओनोरीनला स्वच्छ दिसत होती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं तिने कुजबुजत पुरवली होती. आज ती कुजबुजली नाही.

“तो प्यायलेला नव्हता. दोर कुजका होता.”

माळ्यावर इव्होंचा हात थबकला आणि पडदा अर्ध्यावर लोंबकळत राहिला. मग टाळ्यांचा कडकडाट. लोक उभे राहिले. नाटककाराची काय ही करामत, जमिनीखालून आवाज काढला, असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. बाझील मंचावर आला, कमरेत वाकला, टाळ्या घेतल्या. आपण ती ओळ कापली होती, हे काही तो बोलला नाही.

संध्याकाळी समोरच्या गुत्त्यात ओनोरीनने रिवाजाप्रमाणे सगळ्यांना पांढरी वाइन पाजली. आता कोणीतरी फिर्मँचं नाव घेईल म्हणून ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मंडळी गोदीतल्या संपाबद्दल बोलत होती. तेवढ्यात मालक आले. आता हिचा खड्डा गेला, असं सगळ्यांना वाटलं.

“छान झालं, बाई,” मालक हसत म्हणाले. “रोज असंच म्हणा. फक्त जरा रडवेल्या आवाजात.”

इव्होंने आपला भरलेला ग्लास टेबलावर पालथा घातला. वाइन ओघळून त्याच्या मांडीवर ठिबकत राहिली. 

दुसऱ्या दिवसापासून ओनोरीन खड्ड्यात उतरली नाही. मालकांनी तिथे गोड गळ्याची एक पोरगी बसवली. नाटक सहा महिने चाललं, बाझील पॅरिसला जाऊन मोठा बंडखोर झाला. पोरगी रोज ‘दोर’ म्हणायची आणि रोज टाळ्या पडायच्या. तिला पाजायला मात्र कोणी लावलं नाही. नाटकातला शब्द तो, म्हणायचे खलाशी, खरा थोडाच.