फौजींचा ट्रक आणि चौकातला फ्लेक्स

"मॅडम, एक स्क्रू बी बदलाचा नाई. मिल्ट्रीत जसा होता, तसाच पायजे," गजूभाऊ म्हणाले. त्यांच्या मागे त्यांचे वडील उभे होते. ते माझ्याकडे बघून हळूच 'नाही, नाही' अशी मान हलवत होते.

माझं वर्कशॉप अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत आहे. जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणं हे माझं काम. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं इंजिनीअर होते, मग इकडे परतले. तरी अजून निम्मी गिऱ्हाइकं आल्याआल्या मलाच विचारतात, "साहेब कुठं हायेत?" मी म्हणते, "बसा, बोलावते." आत जाऊन ॲप्रन घालते आणि परत येते.

गजूभाऊंना तेवढा वेळही नव्हता. ते अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडहून आले होते. तिथं त्यांचं कृषी केंद्र आहे. वडील वामनराव सैन्यात ड्रायव्हर होते, गाव त्यांना फौजी म्हणतं. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावात हा ट्रक घेतला, वर्षानुवर्षं त्यातून जिनिंग कारखान्यात कापूस नेला. मग ट्रक गोठ्याशेजारी उभा राहिला आणि कोंबड्यांनी त्याचा ताबा घेतला. आता तो ट्रेलरवर लादून माझ्या दारात आणला होता. सोबत गजूभाऊंच्या आई कौसल्याबाईही होत्या. त्या एका खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या.

वाचकांसाठी थोडं सांगते. गाडी कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करणं म्हणजे रिस्टोअर. मालकाच्या सोयीनं बदलून देणं म्हणजे मॉडिफाय. ह्यातलं काय करायचं ते आधी ठरतं, पाना नंतर हातात घेतला जातो. आणि आमच्याकडे ते ठरवायला सगळं कुटुंब डबा घेऊन येतं.

"एवढी घाई कशाची आहे?" मी विचारलं.

गजूभाऊंनी मोबाईल पुढे केला. हिवरखेडच्या चौकात लावलेल्या फ्लेक्सचा फोटो होता. 'रणभूमी गाजवणारा ऐतिहासिक ट्रक परत येतोय, जसाच्या तसा!' मधोमध गणवेशातले तरुण वामनराव, बाजूला हिरवागार ट्रक, खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की ट्रकची चाकं झाकली गेली होती. कामाचं अजून काही ठरलं नव्हतं आणि फ्लेक्स चौकात लागला होता. बारसं ठरलं की फ्लेक्स, बैल घेतला की फ्लेक्स. आपल्याकडे तो उतरवणं मात्र फार अवघड जातं.

"आता ह्याच्यात बदल केला तर चौकात माही काय इज्जत राहीन?" ते म्हणाले.

माझा एक नियम आहे. काम ठरवण्याआधी जो गाडी वापरणार, त्यानं ती एकदा चालवून दाखवायची. आम्ही दोन दिवस खपून इंजिन चालू केलं, ब्रेक कामापुरते ठीक केले आणि तिघांना पुन्हा बोलावलं. वर्कशॉपच्या आवारात एक फेरी मारायची, एवढंच.

आधी गजूभाऊ बसले. ह्या ट्रकला जुन्या पद्धतीचा क्रॅश गिअरबॉक्स आहे. आजच्या गाडीत गिअर आपसात जुळवून घेतात, ह्यात ती जुळवाजुळव ड्रायव्हरनं करायची. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग पुढचा गिअर. गजूभाऊंनी थेट गिअर ओढला. असा आवाज आला की समोरच्या युनिटमधले कामगार बाहेर येऊन बघायला लागले. तिसऱ्या खेपेला ट्रकनं एक उडी मारली आणि तो बंद पडला.

"गिअरबॉक्स खराब हाये वाटते," गजूभाऊ म्हणाले.

"गिअरबॉक्स नाई, डायवर खराब हाये. उतर," वामनराव म्हणाले.

ते स्वतः बसले. एकही गिअर वाजला नाही. ट्रक आवारात सरळ गेला आणि वळणावर थांबला. स्टेअरिंग वळेना. अशा अवजड ट्रकची पुढची चाकं कमी वेगात नुसत्या हातानं वळवायला खांद्यात जोर लागतो. वामनराव दोन्ही हातांनी ओढत होते, उजवा खांदा वर जातच नव्हता. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग स्टेअरिंग सोडून खांदा चोळू लागले. त्या क्षणी मला फार वाईट वाटलं.

"या काकू, तुम्ही तरी बसा शेजारी," वातावरण हलकं करायला मी म्हणाले.

कौसल्याबाई ट्रकजवळ गेल्या. केबिनची पायरी त्यांच्या कंबरेइतकी उंच होती. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी वर पाहिलं. "मी खालीच बरी हावो बाप्पा," असं म्हणून त्या खुर्चीकडे परतल्या.

चहा आला. गजूभाऊ फोनवर बोलत बाहेर गेले, तेव्हा वामनरावांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बाई, मले स्टेरिंग हलकं करून दे. आन पायरी खाली घे. हिले घेऊन एकडाव मोझरीच्या आश्रमात दर्शनाले जाचं हाये. म्या चालवाचं, हिनं बाजूले बसाचं. जनमभर हे मांगं कापसावर बसली. समोर कधी मुनीम बसे, कधी दलाल."

"मग मुलाला सांगत का नाही?"

"त्यानं फ्लेक्स लावून टाकला न."

गजूभाऊ आत आले तसा मी विषय काढला. सांगितलं, ट्रक जसाच्या तसा होऊच शकत नाही. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला लावायला कायद्यानं मनाई आहे. फ्लेक्सवरचा ट्रक रस्त्यावर आणला तर आरटीओ पहिल्याच नाक्यावर स्वागत करेल.

"पण हा युद्धात गेलता मॅडम! थे तरी दिसाले पायजे न!" गजूभाऊ कळवळून म्हणाले.

वामनरावांनी कप खाली ठेवला. "गजू, ह्या ट्रकनं युद्ध नाई पायलं. मी राशनची गाडी चालवो. कांदे, बटाटे, पीठ. आन हा तर थो ट्रक बी नोय. लिलावाच्या रांगीत शेवटी हाच उरला होता, म्हणून घेतला."

"मंग तुमी मले सांगतलं काहून नाई?"

"तू कधी इचारलं? तू डायरेक्ट छापलं."

मला हसू येत होतं, पण गजूभाऊंचा चेहरा पाहून ते आवरलं. लहानपणापासून ह्या ट्रकच्या जोरावर त्यांनी शाळेत भाव खाल्ला होता. ते उठून ट्रकपाशी गेले. मीही मागोमाग गेले आणि पत्र्याच्या एका तुकड्यानं दाराचा गंज खरवडला. गंजाखाली निळा रंग निघाला. लिलावानंतर गाडी नावावर करताना लावलेला असणार. अजून खरवडलं तर त्याखाली हिरवा होता.

गजूभाऊंनी निळ्यावर बोट ठेवलं. "हा म्या पायला हाये. शाळेतून येताना लांबून दिसे. दिसला का त्याच्याकडे पयत जावो." मग जरा थांबून म्हणाले, "हिरवा तर म्या कधी पायलाच नाई."

"मग कोणता रिस्टोअर करू?" मी विचारलं.

"निळाच करा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढचं सोपं होतं. बॉनेट, लाकडी बॉडी, गोल दिवे जुनेच ठेवून नीट केले. रंग निळा. आरटीओची परवानगी घेऊन पॉवर स्टेअरिंग बसवलं. त्यात तेलाच्या दाबानं चाकं वळतात, खांद्यावर भार येत नाही. घडी होणाऱ्या दोन पायऱ्या आणि धरायला दांडा लावला. गिअरबॉक्सही सोपा करून देते म्हणाले, तर वामनराव उखडलेच. "त्याले हात लावाचा नाई! मंग गजू बी चालवीन!"

मोझरीला जाताना ते मुद्दाम वर्कशॉपसमोर थांबले. वामनराव इस्त्रीच्या शर्टात स्टेअरिंगवर, शेजारी कौसल्याबाई, मांडीवर डबा. गजूभाऊ मागून कारमधून येत होते. जुना फ्लेक्स गुरांच्या चाऱ्यावर, कुटारावर झाकायला गेला होता. चौकात नवा लागला होता, त्यात आईचा फोटो सगळ्यात मोठा होता.

"कसं वाटतंय काकू समोर बसून?" मी हौसेनं विचारलं.

"काय वाटाचं? नुसता रस्ता दिसते. मांगं कापसावर बसलं का सारं शिवार दिसे, हवा बी लागे. मले कोणी इचारलंच नाई."

मी वामनरावांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. सगळ्या नकाशात हे एक माप घ्यायचं राहूनच गेलं होतं. गजूभाऊ धावत आले. "आई, उतर मंग. कारमंधी ये, एसी हाये."

"तूच बस तुह्या एसीत," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी दांडा घट्ट धरला, पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे वळल्या. "चाला न. काहून थांबले?"

वामनरावांनी गिअर टाकला. कसलाही आवाज झाला नाही.

आता माझा नियम वाढला आहे. चालवणाऱ्याला फेरी मारायला लावतेच, पण त्याआधी शेजारी बसणाऱ्याला विचारते. आणि फ्लेक्स छापून झाला असेल, तर तो सगळ्यात आधी दाखवा म्हणते.